दोन फुटी टाकी आणि मऊ पाणी : गोड्या पाण्यातल्या माशांच्या टाकीच्या प्रकल्प नोंदी

ठिकाण : पुण्यातल्या एका शाळेची विज्ञान प्रयोगशाळा. टाकी : २४ × १२ × १५ इंच, ६ मिमी काच. सर्व मापे द्रव थेंबांच्या किटने. अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मिग्रॅ प्रति लिटर, केएच (पाण्याची क्षारता) जर्मन अंशांत.

८ नोव्हेंबर – जागा

पहिली सुचवलेली जागा खिडकीखाली होती. रद्द. सकाळी दोन तास थेट ऊन पडले तरी काचा हिरव्या होतात आणि उन्हाळ्यात पाणी तापते. दुसरी जागा रसायनांच्या कपाटाशेजारी होती, तीही रद्द. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, त्यामुळे आम्लाची वाफ किंवा अमोनियाच्या बाटलीचा वास, सगळे पाण्यात उतरते. घरी हेच डासांच्या फवाऱ्याचे आणि पेस्ट कंट्रोलचे. फवारणीच्या दिवशी पंप बाहेरच्या खोलीत नेऊन नळी लांबवावी.

शेवटी जीवशास्त्राच्या बाजूचा कडप्प्याचा ओटा ठरला. वजनाचा हिशेब : पाणी ५२ किलो, काच १३, खडी १३, दगड ४, म्हणजे ८२ किलो. टीव्हीच्या युनिटवर किंवा प्लायच्या टीपॉयवर हे ठेवायचे नसते. फळी महिनाभरात मध्ये झुकते आणि तळाच्या काचेवर ताण येतो.

ओटा लेव्हलने तपासला. दोन फुटांत ३ मिमी उतार निघाला. टाकीच्या एका कोपऱ्याखाली पुठ्ठा सरकवायची चूक फार होते. त्याने सगळा भार त्या कोपऱ्यावर येतो. स्टँड असता तर पाचर स्टँडच्या पायाखाली दिली असती. ओट्याला पाय नाहीत, म्हणून पातळ सिमेंटचा थर देऊन घेतला. वाळल्यावर त्यावर १२ मिमी थर्माकोल आणि मग टाकी.

९ नोव्हेंबर – गळती आणि पाण्याची मोजणी

खाली वर्तमानपत्र पसरून टाकी काठोकाठ भरून २४ तास ठेवली. कागद कोरडा राहिला. भरताना १५ लिटरच्या बादल्या मोजल्या नाहीत. हे पाणी फेकायचेच होते, पण मोजणी आजच झाली असती तर बरे. खडीसकट प्रत्यक्ष भरलेले पाणी मोजणे महत्त्वाचे, कारण औषध आणि सोडा त्यावर ठरतो. दुकानदार हिला '७० लिटरची टाकी' म्हणतो, ते बाहेरच्या मापांचे गणित.

पाण्याची तपासणी मात्र केली, आणि ती करायलाच हवी होती. एकाच इमारतीत दोन नळ, दोन वेगळी पाणी :

पिण्याच्या नळाचे (मनपा) : टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ८०, पीएच ७.४, केएच २.
प्रयोगशाळेच्या सिंकचे (बोअर) : टीडीएस ७८०, पीएच ७.८, केएच १५, नायट्रेट २०.

सिंक टाकीच्या शेजारी असल्याने कोणीही सहज तिथलेच पाणी भरले असते. सोसायट्यांतही हाच गोंधळ असतो : स्वयंपाकघरात मनपा, बाथरूमला बोअर, आणि उन्हाळ्यात टँकर. टीडीएसचा पेन स्वस्त आहे, पण त्याचा आकडा म्हणजे केएच नव्हे. केएच म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद. ती वेगळी मोजावी लागते. आरओचे पाणी 'शुद्ध' म्हणून भरणारे बरेच. त्यात ही ताकद जवळपास शून्य असते.

११ नोव्हेंबर – खडी आणि दगड

खडी ३ ते ४ मिमी, गोलसर, नैसर्गिक रंगाची, १३ किलो, म्हणजे साधारण २ इंचाचा थर. रंगीत खडी नाकारली, कारण धुताना बादलीतच निळे पाणी सुटले. पांढऱ्या खडीच्या पिशवीवर नाव काही का असेना, ती बहुधा संगमरवराची चुरी असते. दोन दाण्यांवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले तर फेस आला. असली खडी पाण्यात चुनखडीसारखी हळूहळू विरघळते आणि कठीणपणा वाढवत राहते. घरी लिंबाचा रस किंवा व्हिनेगर चालते, फेस मात्र क्षीण दिसतो. समुद्रकाठचे शंख-शिंपले याच कारणाने नकोत.

दगड काळा, नदीतला, म्हणजे आपला नेहमीचा बेसाल्ट. पाण्यात काही सोडत नाही. जांभा घेतला नाही, तो भुगा सोडतो. दगड आधी तळाच्या काचेवर थर्माकोलच्या चकत्या ठेवून बसवले, नंतर खडी ओतली. खडीवर रचलेला दगड खडी सरकली की काचेवर कोसळतो.

खडी सात पाण्यांनी धुतली. सातवे पाणीही पूर्ण नितळ नव्हते, पण पुरे. साबण अजिबात नाही, भांड्याच्या घासणीलाही आधीचा साबण असतो.

१२ नोव्हेंबर – फिल्टर, हीटर, वायरिंग

दुहेरी स्पंजचा फिल्टर, ३ वॅटचा हवापंप. खडीखाली घालायची प्लास्टिकची जाळी दुकानात अजून मिळते. चालते, पण वर्षभराने तिच्याखालचा गाळ काढायला अख्खी टाकी उपसावी लागते. मोटरचा फिल्टर घ्यायचा असेल तर ताशी पाण्याच्या सुमारे पाचपट, इथे २५० ते ३०० लिटर, पुरतो. बॉक्सवर १,००० लिटर लिहिलेला फिल्टर घेतला तर लहान मासे दिवसभर कोपऱ्यात दबून बसतात.

हवापंप पाण्याच्या पातळीखाली ठेवावा लागला, म्हणून नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. तो नसेल तर वीज जाताच पाणी नळीतून उलटे येऊन पंपात आणि तिथून सॉकेटमध्ये जाऊ शकते. व्हॉल्व्ह उलटा बसवला की हवाच येत नाही. फुंकून बघावे : पंपाच्या बाजूने फुंक जाते, टाकीच्या बाजूने जात नाही.

हीटर ५० वॅट, लिटरला साधारण एक वॅट या हिशेबाने. पाण्याबाहेर चालू केला तर काच तडकते, म्हणून पाणी काढण्याआधी १५ मिनिटे बंद. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली लोंबणारा झोल दिला, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोलाच्या टोकाला टपकते, प्लगात जात नाही. लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे.

१३ नोव्हेंबर – पाणी भरले. दिवस ०

खडीवर ताटली ठेवून त्यावर हळूहळू ओतले. मनपाचे पाणी, साडेतीन बादल्या, ५२ लिटर.

क्लोरीनसाठी प्रयोगशाळेतलेच सोडियम थायोसल्फेट वापरले, फोटोग्राफीवाल्यांचे 'हायपो'. १० ग्रॅम स्फटिक १ लिटर पाण्यात, त्यातले १० मिली दर बादलीला. १ मिग्रॅ क्लोरीनला सुमारे ७ मिग्रॅ स्फटिक लागतात, त्यामुळे ही मात्रा लिटरला १ मिग्रॅ क्लोरीनपर्यंत पुरते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नळाला किमान ०.२ धरले आहे. पावसाळ्यात आणि गच्चीवरची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतल्यावर हा आकडा एकदम वर जातो. त्या दोन दिवसांत पाणी बदलूच नये. पाणी रात्रभर उघडे ठेवूनही क्लोरीन उडतो, पण झाकण लावून ठेवलेल्या पिंपातून तो कुठे जाणार?

मासे आज नाहीत, या महिन्यातही नाहीत. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया येतो. स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरे बरेच सौम्य. नव्या स्पंजवर या जिवाणूंची वस्ती नसते. 'टाकी भरली, आठ दिवस फिल्टर चालवला, मग मासे सोडले' यात आठ दिवस वायाच गेलेले असतात, कारण खायला अमोनियाच नव्हता.

अमोनियासाठी अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर. कल्हईवाल्याकडचा नको, तो शुद्ध नसतो. प्रयोगशाळेच्या बाटलीतले १० ग्रॅम ५०० मिली पाण्यात विरघळवले. त्यातले १६ मिली म्हणजे ३२० मिग्रॅ. ५२ लिटरमध्ये अमोनिया २. मोजला, किटवर २ आला. तापमान २८ अंशांवर ठेवले, जिवाणू उबेत लवकर वाढतात.

जुन्या निरोगी टाकीतला स्पंज मिळाला असता तर पुढचे तीन आठवडे वाचले असते. मिळाला नाही.

१५ नोव्हेंबर

पाणी दुधाळ. हे वेगळे, भराभर वाढणारे जिवाणू आहेत. पाणी बदलले नाही, 'क्लिअर' करणारे औषध टाकले नाही. १८ तारखेला आपोआप नितळले.

१७ नोव्हेंबर – मेन स्विच

सकाळी फिल्टर बंद, पाणी २८ वरून २२ अंशांवर. शाळा सुटताना शिपाई मामा नेहमीप्रमाणे प्रयोगशाळेचा मेन बंद करतात, त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. चूक त्यांची नाही. संध्याकाळी साडेपाचपासून सकाळी सातपर्यंत स्पंजमधून पाणी फिरले नाही. उघड्या टाकीतला स्पंज यातून तगतो. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये मात्र प्राणवायू काही तासांत संपतो, आतला जिवाणूंचा थर मरतो, आणि वीज आल्यावर तेच कुजके पाणी टाकीत येते. तसे झाले तर आधी डबा रिकामा करून मगच चालू करावा.

इलेक्ट्रिशियनने टाकीचे सॉकेट जिन्याच्या लाइनवर घेतले. शिवाय सेलवर चालणारा छोटा हवापंप कपाटात.

२३ नोव्हेंबर – दिवस १०

अमोनिया ०. नायट्राइट ५, किटवरचा शेवटचा रंग. नवसागराच्या द्रावणाचा दुसरा डोस १६ मिली.

२६ आणि २९ नोव्हेंबर

दोन्ही वेळा अमोनिया ० दिसल्यावर प्रत्येकी १६ मिली. नायट्राइट शेवटच्या रंगावरच.

२ डिसेंबर – सगळे थांबले

अमोनिया २. म्हणजे २९ तारखेचा डोस जसाच्या तसा. आधीचे दोन डोस तीन-तीन दिवसांत संपले होते. नायट्राइट किटच्या पट्टीबाहेर. १ मिली नमुना, ४ मिली डिस्टिल्ड पाणी असे पाचपट पातळ करून मोजले तरी २ आणि ५ च्या मधला रंग, म्हणजे खरा आकडा १० च्या वर. पीएच ६.०. केएच : पहिल्याच थेंबाला रंग पिवळा, म्हणजे शून्याजवळ.

कारण इथेच आहे, आणि ते ९ नोव्हेंबरच्या नोंदीत लिहून ठेवले असूनही वापरले गेले नाही. जिवाणू १ मिग्रॅ अमोनिया जाळतात तेव्हा तयार होणारे आम्ल पाण्यातली ५.९ मिग्रॅ क्षारता खाते. तीन डोस म्हणजे ६ मिग्रॅ अमोनिया, म्हणजे सुमारे ३५ मिग्रॅ क्षारता. १ अंश केएच म्हणजे १७.९ मिग्रॅ. आपल्या नळाचे २ अंश म्हणजे ३६. हिशेब जवळजवळ तंतोतंत संपला. क्षारता संपली की पीएच घसरतो आणि साडेसहाच्या खाली हे जिवाणू मंदावतात, सहाच्या आसपास कामच सोडतात.

बोअरच्या पाण्यावर टाकी लावणाऱ्याला हे कधी दिसणारच नाही, त्याच्याकडे १५ अंश असतात. म्हणून एकाने सांगितलेली कृती दुसऱ्याच्या घरी अडते. मऊ पाण्यावर 'जिवाणू मेले' म्हणून बाटलीतले जिवाणू विकत आणून ओततात. पीएच ६ असेल तर तेही तसेच बसून राहतात.

दुसरी चूक डोसची. पहिले जिवाणू लवकर वाढतात, दुसरे उशिरा. नायट्राइट पट्टीबाहेर गेल्यावरही पूर्ण डोस देत राहिलो, त्यामुळे नायट्राइटचा साठा उगाच वाढला. १ मिग्रॅ अमोनियातून २.७ मिग्रॅ नायट्राइट होते. त्या टप्प्यावर अर्धा डोस पुरे होता.

उपाय : २६ लिटर पाणी बदलले, म्हणजे केएच १. त्यात खाण्याचा सोडा साडेचार ग्रॅम, एका वाटी पाण्यात विरघळवून. या टाकीत दीड ग्रॅमला केएच १ अंश वाढतो. तासाभराने केएच ४, पीएच ७.६. धुण्याचा सोडा वेगळा पदार्थ आहे, तो पीएच एकदम वर उडवतो.

हे मासे नसलेल्या टाकीत केले म्हणून निर्धास्त. मासे असताना, अमोनिया साठलेला असताना सोडा टाकणे घातक. आम्ल पाण्यात अमोनिया बहुतांश तुलनेने निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात असतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ वर विषारी रूप अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पीएच ८ वर पाच टक्क्यांच्या वर. महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टाकीत 'ताजे पाणी' घातल्यावर मासे पटापट मरतात, त्यात बऱ्याचदा हेच घडलेले असते. तिथे आधी थोडे थोडे पाणी बदलून अमोनिया खाली आणायचा, पीएच मागाहून.

४ डिसेंबर

अमोनिया ०. अडलेला गाडा हलला.

६, १० आणि १४ डिसेंबर

प्रत्येकी अर्धा डोस, ८ मिली. १० तारखेला नायट्राइट प्रथमच पट्टीवर आले : ५. १४ ला ०.५.

१७ डिसेंबर – दिवस ३४

काल सकाळी पूर्ण १६ मिली. आज सकाळी अमोनिया ०, नायट्राइट ०. नायट्रेट २० आणि ४० च्या मधला रंग. गणिताने ३२ यायला हवे, जुळते. नायट्रेटच्या किटमधली दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवली नाही तर तळाची पूड मिसळत नाही आणि आकडा खोटा, कमी येतो. आधी एकदा तसा ५ आला होता.

केएच २ वर उतरला आहे.

१८ डिसेंबर

८० टक्के पाणी बदलले. दर आठवड्याला सोडा मोजत बसण्यापेक्षा दोन नळ कामाला लावले : १५ लिटरच्या बादलीत १२ लिटर मनपा, ३ लिटर बोअर. केएच साडेचार, टीडीएस २२०. बोअरचे नायट्रेट या मिश्रणात ४ च उरते. कापडी टेपने बादलीवर ३ लिटरची खूण केली. हीटर २४ वर.

१९ डिसेंबर – मासे

आठ झेब्रा डॅनिओ. ही मूळची भारतीय उपखंडातली मासळी, थंडी सोसते आणि कळपाने राहते. दोन-दोनच्या जोड्या घेतल्या तर एकमेकांना टोचत बसतात.

नाकारलेली यादी मोठी. गोल्डफिश : या टाकीला फार मोठा आणि फार घाण करणारा. मॉली : कठीण पाण्याची, आपल्या मऊ पाण्यात जागच्या जागी थरथरत राहते. 'काच साफ करणारा' सकर : फूटभराच्या वर वाढतो, आणि नंतर लोक तो नदीत सोडतात. भारतातल्या अनेक नद्या-तलावांत तो आता उपरा म्हणून पसरलेला आहे.

पिशवी २० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवली, मग टाकीतले पाणी दोनदा वाटीभर आत, आणि मासे जाळीने उचलून टाकीत. पिशवीतले पाणी सिंकमध्ये. दुकानातून सोबत आलेली निळी बाटली बाजूला ठेवली. त्यातले मिथिलीन ब्लू उपचारासाठी वेगळ्या बादलीत ठीक. मुख्य टाकीत ते स्पंजवरचे जिवाणू मारते आणि सांध्यांचे सिलिकॉन कायमचे निळे करते.

२२ डिसेंबर – खाणे

अमोनिया ०.२५. तीन वेगवेगळ्या वर्गांनी एकाच दिवशी खाऊ घातला होता.

गणित फळ्यावर लिहिले : ४० टक्के प्रथिनांचा १ ग्रॅम खाऊ पूर्ण कुजला तर ५२ लिटरमध्ये अमोनिया सुमारे १.५ ने वाढतो. आठ डॅनिओंचे मिळून वजन ४ ग्रॅमच्या आसपास, दिवसाला ०.१ ग्रॅम पुष्कळ. आता सोमवारी सहा डब्यांत सहा दिवसांचा खाऊ मोजून भरतात. डबी रिकामी दिसली की त्या दिवसाचे झाले. रविवारी उपवास. मोठा डबा कुलपात.

संध्याकाळी १५ लिटर बदलले. दुसऱ्या दिवशी ०.

५ जानेवारी

काचेवर तपकिरी पापुद्रा, बोटाने निघतो. नव्या टाकीत येतोच, जातोही. दिवा १० तास चालू राहत होता. टायमर लावून ६ तास. खोलीत रात्री १४ अंश, टाकीत २४ कायम.

१२ जानेवारी – स्पंज

बुडबुडे मंदावले. स्पंज काढलेल्या टाकीच्याच पाण्यात, बादलीत, चार वेळा पिळला. दोनपैकी एकच, दुसरा १५ दिवसांनी. नळाखाली धुतला असता तर क्लोरीनने दोन महिन्यांचे काम मिनिटात गेले असते. 'दर महिन्याला फिल्टरचे काडतूस बदला' हे पाकिटावरचे वाक्य विक्रीचे आहे. स्पंज फाटेपर्यंत चालतो.

१९ जानेवारी

सहा चेरी बार्ब आणले. दोन आठवडे वेगळ्या टबात, जास्तीचा स्पंज लावून ठेवणार. तो स्पंज १८ डिसेंबरपासून मोठ्या टाकीत तरंगत ठेवला होता, म्हणून टब पहिल्या दिवसापासून तयार.

मोठी टाकी आज : अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १०, केएच ४, पीएच ७.४, मासे आठ. आठवड्याला एक बादली बदल चालू. एप्रिलआधी झाकणाला छोटा पंखा बसवायचा आहे. ३२ अंशांच्या वर पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि सुट्टीत खोली बंद असते. पंख्याने पाणी उडेल, तेव्हा उडालेल्याची भर बोअरने नको, साध्या मनपाच्या पाण्याने. क्षार मागेच राहिलेले असतात.